गायरान कोणी गिळले?

मराठी मुलखातील गावाची पांढरी आणि काळी ही विभागणी पिढ्यान्‌पिढ्यांची. पांढरीत वस्ती, काळीत शेती आणि त्यांच्या जोडीला गुरांसाठी राखलेले गायरान. ते कुणा एकाचे नव्हते, म्हणूनच सर्वांचे होते. भूमिहीनाची गाय-शेळी त्यावरच जगे.

आज कित्येक गावांत त्याच गायरानावर गोदामे आणि पुढाऱ्यांच्या संस्थांचे फलक दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याची योजना आखण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. भूमिहीनांना शासनाने दिलेले पट्टे, शाळा, दवाखाने असे अपवादही सांगितले. तरीही २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली! मधली अकरा वर्षे महसूल यंत्रणा काय करीत होती? गरिबाची झोपडी पुढे करून धनदांडग्याचे गोदाम वाचवण्याचा हा डाव ओळखला पाहिजे.

‘उजाड माळ राखून उपयोग काय?’ असे विचारणाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहावे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर या अवर्षणग्रस्त गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली. गवत कापून नेण्याची शिस्त लावली. डोंगर हिरवे झाले, दूध कैकपटींनी वाढले.

तेव्हा येत्या ग्रामसभेत गावचा नकाशा आणि गायरानाचा सातबारा मागा, हद्द मोजून घ्या. जे गाव आज गायरान राखणार नाही, ते उद्या काळी आई तरी कशी राखणार?