टीव्हीला वायरच द्या

ओसरीवर मोबाइल सुसाट चालतो आणि मागच्या खोलीतला टीव्ही ऐन सामन्यात अडकतो, ही तक्रार गोंदियात, आमगावात, तिरोड्यात सारखीच. त्यावरचे सल्लेही ठरलेले: मोठा प्लॅन घ्या, जास्त अँटेनांचा राऊटर आणा, नाहीतर रिपीटर लावा. या तिन्हींना माझा विरोध आहे.

आधी प्लॅन. फोर-के चित्रपटासाठी नेटफ्लिक्स स्वतः 15 एमबीपीएस पुरेसे सांगते, फुल एचडीला 5. म्हणजे एका टीव्हीला 30चा साधा प्लॅनही भागतो. मोबाइलवर वेग मोजा, एकदा राऊटरजवळ, एकदा टीव्हीजवळ. पहिला आकडा पूर्ण आणि दुसरा नाममात्र असेल, तर 100चे 300 करून दरमहा जादा पैसे भरण्यात काहीच अर्थ नाही. वाढलेला वेग ओसरीवरच राहील.

अँटेनांबद्दल म्हणणे असे की त्या वाढल्या की पल्ला वाढतो. पण वायफायच्या लहरी किती ताकदीने सोडायच्या, यावर सरकारी नियमांची मर्यादा आहे. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. 2.4चा लांब जातो. मात्र त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, आणि शेजाऱ्यांचे राऊटरही तिथेच. आता आपली घरे पाहा. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर एकामागे एक, मध्ये मातीच्या जाड भिंती. नव्या घरात स्लॅबमधले लोखंड. उन्हाळ्यात मध्ये पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर येतो. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषते. नेमके सगळे घरात बसतात तेव्हाच हा अडथळा उभा असतो.

साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. त्यातून लोक तो टीव्हीशेजारी लावतात, जिथे पकडायला सिग्नलच उरलेला नसतो.

माझे म्हणणे सरळ आहे. टीव्ही जागचा हलत नाही, मग त्याला हवेतून इंटरनेट कशाला? राऊटरपासून कॅट-6 वायर ओढा. 100 मीटरपर्यंत ती बिनघोर चालते. त्याच वायरीवर जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडला, तर मागच्या खोलीतले मोबाइलही सुटतात.

अनेक टीव्हींचे लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचेच असते, हा आक्षेप खरा आहे. पण गरज 15ची आहे. वायर दिसते म्हणाल, तर वायरमन पट्टीत बसवून देतो. फक्त विजेच्या तारांच्या पाइपात ती घालू देऊ नका. विजेच्या कडकडाटाची भीती मात्र रास्त आहे. झाडीपट्टीच्या पावसाळ्यात उघड्या अंगणातून तांब्याची वायर नेली, तर वीज जवळ पडताच टीव्ही, राऊटर दोन्ही जळू शकतात. अंगण ओलांडायचे असेल तिथे फायबरच टाका. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल, तर एकमेकांशी जोडलेल्या डब्यांचे मेश वायफाय घ्या, पण त्याचा दुसरा डबा वाटेत मध्यावर ठेवा.

नवे कनेक्शन घेणाऱ्यांना विनंती आहे: फायबरवाला दारातच राऊटर ठोकू लागला तर त्याला थांबवा, तार घराच्या मध्यापर्यंत आणायला सांगा. आणि घर बांधत असाल, तर प्लास्टरपूर्वी प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या.