मुसके

वैशाखातील अक्षय तृतीया जवळ आली की वऱ्हाडातील अनेक जैन घरांत वर्षीतपाच्या पारण्याची तयारी सुरू होते. अमरावतीच्या अशाच एका व्यापारी घराण्यातील वृद्ध मातेचे तप यंदा पूर्णत्वास येत होते. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणे, हा क्रम त्यांनी तेरा महिन्यांहून अधिक काळ मोडू दिला नव्हता. थोरला मुलगा त्याच वाड्यात राहून पेढी सांभाळणारा, मुलगी अकोल्यास दिलेली आणि धाकटा पुण्यास स्थायिक झालेला. पारण्याच्या वेळी तिन्ही मुले समोर असावीत, याहून अधिक काही मातेने मागितले नव्हते.

अडचण होती ती मोतीची. पुण्याच्या घरातील हा कुत्रा आता बारा वर्षांचा झाला होता आणि त्याला दिवसातून दोनदा हृदयाचे औषध द्यावे लागे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत त्याला अमरावतीस आणले, तेव्हा तो नकळत स्वयंपाकघरात शिरला. शब्दाने शब्द वाढला आणि लक्ष्मीपूजनाची वाट न पाहता धाकटा कुटुंबासह परत फिरला. त्यानंतर घराचे बोलणे फोनपुरतेच उरले.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. ज्या घरात तपस्व्यासाठी पाणी गाळून उकळले जाते आणि साधू-साध्वींना आहार वाहिला जातो, तेथे शुद्धीचा आग्रह धरणे वावगे नव्हे. आणि ज्या मुक्या जीवाला सांभाळण्याचे एकदा पत्करले, त्याला आजारपणात परक्यांच्या हाती सोपवून तपाच्या उत्सवाला जाणे धाकट्याला पटत नव्हते. अखेर अकोल्याच्या बहिणीने मध्यस्थी केली. थोरला भाऊ फोनवर म्हणाला, “घेऊन ये. पण ओसरीवर बांधून ठेवायचा आणि तोंडाला मुसके हवेच. पारण्याला शंभर माणसे येतील, लहान मुले असतील.” धाकट्याने ते मान्य केले व मुसके विकत आणले.

रेल्वेने कुत्रा न्यायचा तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा स्वतंत्र कूपे मिळावा लागतो, अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते. आजारी, वृद्ध प्राण्यासाठी ती पेटी योग्य नव्हती. म्हणून मोटारीनेच निघायचे ठरले. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी मोतीला हलके जेवण देण्यात आले, कारण भरल्या पोटी प्रवासात कुत्र्यांना उलटी होते. रेबीजच्या लशीचा दाखला आणि औषधे हाताशी ठेवली. पहाटे पुणे सोडले. पुढे छत्रपती संभाजीनगरहून समृद्धी महामार्ग धरला. दर दोन तासांनी थांबून पाणी पाजण्याचा नियम सर्वांनी पाळला.

मेहकरच्या पुढे महामार्ग सोडल्यावर शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी सारे उतरले, पण एकाच वेळी नव्हे. निम्मे दर्शनास गेले, निम्मे लिंबाच्या सावलीत मोतीजवळ थांबले. मग पाळी बदलली. उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीतील उष्णता दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढू शकते. माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला जवळजवळ केवळ पंजांनाच येतो. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा थंडावा. मालेगाव, मेडशी, पातूर मागे टाकत संध्याकाळी मंडळी अकोल्यास पोहोचली.

बहिणीने आनंदाने शिऱ्याचे ताट मोतीपुढे ठेवले; धाकट्या सुनेने लगबगीने ते उचलले. शिऱ्यात मनुका होत्या. मनुका व द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरू शकतात. चॉकलेटही त्याला विषासमान. कांदा-लसूणही त्याला बाधतात. त्या बाबतीत मात्र जैन स्वयंपाकघर निर्धोक, असे म्हणून सारे हसले. दोन वर्षांनी भावंडे एकत्र हसली होती.

अकोला ते अमरावती हे अंतर सुमारे शंभर किलोमीटरांचे. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या याच टप्प्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. गुळगुळीत, काळाभोर रस्ता. पण वैशाखात त्याच डांबराचा तवा होतो. हाताची पालथी बाजू जेथे काही क्षणही टेकवत नाही, तेथे प्राण्याचे पंजे भाजतात. निरोप-आहेर आटोपून निघेतो उन्हे चढली होती. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर मागे पडले. बडनेऱ्याला धाकट्याने दिलेला शब्द आठवून मोतीच्या तोंडाला मुसके चढवले व ते घट्ट आवळले.

वाड्यासमोर मोटार थांबली तेव्हा मोतीचे पाय लटपटत होते. तोंड बंद असल्याने त्याला जीभ बाहेर काढता येत नव्हती. नाकातून घरघर येत होती आणि पट्ट्याखालून फेस गळत होता. माता ओसरीवर माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांचा तो उपवासाचा, तपाचा शेवटचा दिवस होता.

“हे काय बांधलंस त्याला?” त्यांनी विचारले.

“मुसके आहे, आई. दादांनी सांगितलं होतं.”

त्या क्षणभर स्तब्ध राहिल्या. मग म्हणाल्या, “कोणत्या गोष्टीमुळे भगवंतांना वर्षभर आहार मिळाला नाही, ते विसरलात का रे? आधी ते काढ.”

परंपरेत सांगितली जाणारी ती कथा त्या घरातील प्रत्येकाने लहानपणी ऐकली होती. मळणीच्या वेळी बैल धान्य खातात, अशी तक्रार आली असता ऋषभदेवांच्या जीवाने एकदा त्यांच्या तोंडाला मुसके बांधण्याचा उपाय सुचवला. त्या थोड्या वेळच्या अंतरायाचे कर्म उदयास आले आणि दीक्षेनंतर वर्षभराहून अधिक काळ प्रभूंना योग्य आहार मिळाला नाही. हस्तिनापुरास श्रेयांसकुमाराने उसाचा रस वाहिला तेव्हा पारणे झाले. वर्षीतप हे त्याच दीर्घ उपवासाचे स्मरण. म्हणजे या तपाच्या मुळाशी एका बैलाचे बांधलेले तोंड आहे.

थोरला भाऊ पुढे झाला आणि त्याने स्वतःच्या हाताने पट्टा सोडला. मोतीला सावलीत निजवून ओल्या फडक्याने त्याचे पोट व पंजे पुसले. मातेने आपल्यासाठी उकळून निववलेल्या पाण्यातील थोडे परळात ओतवले. अर्ध्या तासाने त्याची धाप उतरली. पशुवैद्याने संध्याकाळी तपासून सांगितले की, आणखी थोडा उशीर झाला असता तर एवढ्या वयाचे हृदय टिकले नसते. गर्दीत मुसके वापरायचेच तर ते जाळीचे व सैल असावे, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल, हेही त्यांनी समजावले.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने मातेला उसाचा रस दिला. मोती ओसरीवरच होता, लांब दोरीने बांधलेला, सावलीत. स्वयंपाकघराचा उंबरठा त्याला आजही बंद आहे. मातेने शुद्धीचा नियम सोडला नाही. त्या नियमासाठी कोणाचा श्वास अडू नये, एवढेच त्यांनी पाहिले. आणि थोरल्याने धाकट्याला म्हटले, “दिवाळीला या. तिघेही नव्हे, चौघेही या. मोतीची जागा ठरलेली आहे.”

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बैल, घोडे बाळगणाऱ्या श्रावकांना उद्देशून आलेला हा विचार आजच्या मोटारीतही जसाच्या तसा लागू पडतो. आखूड दोरी हा बंध, त्रासून मारलेली चापट हा वध. सामानाच्या ढिगात प्राण्याला कोंबणे हे अतिभाराचेच भावंड, आणि घाईपायी टाळलेला पाण्याचा थांबा हा अन्नपाननिरोध. यांपैकी एकही दोष कोणी दुष्टपणाने करत नाही. धाकट्यानेही मुसके प्रेमापोटी, घर जुळावे म्हणूनच आवळले होते.

जीवंधरकुमाराने मरणासन्न कुत्र्याच्या कानी नमस्कार मंत्र सांगितला आणि तो जीव यक्षदेव झाला, ही कथा जैन घरांत आदराने सांगितली जाते. मंत्र ऐकवण्याची वेळ येण्याआधी पाणी पाजणे हेही त्याच कथेचे आचरण आहे. सुट्टीत गावी निघणाऱ्या कुटुंबांनी सामानाच्या यादीत पाण्याचे परळ सर्वांत वर लिहावे.