आधी स्टँड, मग कॅमेऱ्याच्या गप्पा!

फोटोग्राफीचा किडा चावला की माणूस पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या मागे लागतो. कुणाच्या घरच्या कपाटातून आजोबांचा याशिका बाहेर निघतो, कुणी जुना मामिया शोधत फिरतो आणि मग होस्टेलच्या खोलीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लेन्सवर वाद रंगतात. स्टँडचा, म्हणजे ट्रायपॉडचा विषय निघाला की मात्र उत्तर ठरलेलं. ‘अरे, घेऊ कुठला तरी हलकाफुलका!’

माझं मत नेमकं उलटं आहे. मीडियम फॉरमॅटवाल्याने स्टँड आधी निवडावा. आणि निवडताना दुकानदाराचा कॅटलॉग बाजूला ठेवून आपलं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचं पुस्तक उघडावं. (परीक्षेनंतर त्याचा तेवढाच एक उपयोग होईल!)

आता कुणी म्हणेल, मोबाईलच्या जमान्यात हा खटाटोप कशाला? त्याचं उत्तर आपल्या दाराशीच आहे. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी बघा. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारती. १६० चौरस फुटांची एक खोली आणि दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणारा लांबलचक अंधारा पॅसेज. गिरणगावच्या किती पिढ्या त्या पॅसेजमध्ये वाढल्या! आता पुनर्विकास सुरू आहे. वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या रहिवाशांना २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्यासुद्धा. लोकांना मोठं घर मिळतंय ही आनंदाचीच गोष्ट आहे, त्याबद्दल गळे काढण्यात अर्थ नाही. पण तो पॅसेज पुन्हा दिसणार नाही, हेही तितकंच खरं. त्याचा एक नीट फोटो राहायला हवा की नको?

नीट म्हणजे कसा? दारावरची पाटी, भिंतीवरचे मीटर, दोरीवरचे कपडे, सगळं मोठ्या प्रिंटमध्ये वाचता आलं पाहिजे. सहा बाय सहाच्या निगेटिव्हचं क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हच्या साडेतीनपटीहून जास्त असतं, ते याचसाठी कामाला येतं. पण त्या पॅसेजमधल्या उजेडात, १०० आयएसओची फिल्म आणि एफ/११ धरलं तर एक्स्पोजर सहज आठ-दहा सेकंदांवर जातं. तेवढ्या वेळात स्टँड केसभर जरी हलला तरी मोठ्या निगेटिव्हचा सगळा फायदा पाण्यात. शिवाय रोलमध्ये फोटो फक्त बारा, सहा बाय सातचा कॅमेरा असेल तर दहा. फिल्म आणि धुलाईचा खर्च काढलात तर एकेक हललेला फोटो मेसच्या बिलासारखा लागतो!

होमाई व्यारावालांनी रोलीफ्लेक्स हातात धरूनच काम केलं ना, असा मुद्दा कुणीतरी काढणारच. केलं, आणि काय केलं! पण त्या बातमीदार छायाचित्रकार होत्या, समोर हलती माणसं आणि घडती घटना. आपल्यासमोर अंधारा पॅसेज आहे. कामच वेगळं, तेव्हा हत्यारही वेगळं.

आता मूळ प्रश्न. हलका आणि तरीही मजबूत स्टँड मिळतो का? मिळतो, पण त्यासाठी काहीतरी सोडावं लागतं. बहुतेक जण पैसे सोडतात आणि कार्बन फायबर घेतात. माझं म्हणणं, आधी उंची सोडा.

जरा विचार करा. आपल्यातल्या बहुतेकांचे मीडियम फॉरमॅट कॅमेरे कमरेशी धरून वरून खाली बघायचे. याशिकामॅट घ्या, नाहीतर मामियाचा आरबी ६७. डोळा कॅमेऱ्याच्या मागे न्यावाच लागत नाही. मग साडेपाच फूट उंच स्टँड हवाच कशाला? चार फूट रग्गड झाले. चौकोनी फ्रेममध्ये उभा-आडवा हा प्रश्नच नाही आणि आरबीची तर मागची बाजूच फिरते. म्हणजे कॅमेरा एका अंगाला झुकवावा लागत नाही आणि वजन नेहमी मधोमध राहतं. ही सवलत ३५ मिलिमीटरवाल्यांना नाही, आपल्याला आहे. ती आपण वापरतच नाही!

उंची सोडली की बाकीचं आपोआप जमतं. पाय तीन भागांचे पुरतात, चार-पाच भागांची गरज राहत नाही. भाग जितके जास्त, तितकी शेवटची नळी बारीक आणि सांधे जास्त. पातळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी तीच ठेवून २८ मिलिमीटरची नळी १६ वर आणली तर ताठपणा पाचपटीहून जास्त घटतो. मधला दांडा वर ओढणं तर त्याहून वाईट, कारण तो सरळसरळ कँटिलिव्हर आहे. लांबी दुप्पट केली की त्याच बळाने विचलन आठपट! मधला दांडा नसलेला किंवा काढता येणारा स्टँड मिळाला तर डोळे मिटून घ्या.

कार्बन वाईट आहे असं मी म्हणत नाही. हलकं आहे, ताठ आहे, कंपनंही लवकर विरतात. पण बारीक नळ्यांचा कार्बनचा स्टँड जाड नळ्यांच्या ॲल्युमिनियमसमोर मार खाऊ शकतो आणि चाळीच्या जिन्यात धारेवर आपटला तर नळीला तडा जाण्याची धास्ती असते. दोनेक किलोचा, जाड पायांचा, घडी घातल्यावर सॅकच्या बाजूला बसणारा जुना ॲल्युमिनियमचा स्टँड दादरच्या गर्दीतून नेता येतो. खिशालाही परवडतो.

खोक्यावर छापलेल्या ‘इतके किलो पेलतो’ या आकड्यावर जाऊ नका. सगळ्या कंपन्यांना लागू असं एकच मोजमाप त्याला नाही. शिवाय पेलणं म्हणजे न मोडणं, न हलणं नव्हे. आपण इंजिनीअर आहोत, मोजून बघूया. कॅमेऱ्याला लेझर पॉइंटर चिकटवा, होस्टेलच्या पॅसेजच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर ठिपका पाडा आणि पायाला टिचकी मारा. ठिपका किती थरथरतो आणि किती वेळाने थांबतो ते घड्याळ लावून पाहा. दोन स्टँडमधला फरक व्हायवात विचारण्याइतका स्पष्ट दिसतो.

कॅमेराही ओळखून घ्या. याशिकासारख्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात आरसा उडत नाही, वजनही किलोभरच. आरबी मात्र पावणेतीन किलोच्या घरात आणि त्याचा आरसा धाडकन वर जातो. तिथे आरसा आधी वर करून, क्षणभर थांबून, केबल रिलीजनेच फोटो घ्यावा. गिरगाव चौपाटीवर वारा असेल तर सॅक स्टँडखाली लटकवा, पण ती जमिनीला टेकू द्या, नाहीतर तीच लंबकासारखी झुलते. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने पुसा, खारी वाळू सांधे खाते. आणि दादरच्या पादचारी पुलावर कितीही भारी स्टँड नेला तरी उपयोग नाही, कारण तिथे पूलच हलतो! रेल्वेच्या हद्दीत तर परवानगीशिवाय स्टँड उघडूच नये.

आणखी एक. खोताची वाडी असो की बीडीडीचा पॅसेज, तो कुणाच्या तरी घराचा उंबरठा आहे. तीन पाय पसरून वाट अडवण्याआधी काकूंना विचारावं. पुढच्या खेपेला त्यांना एक प्रिंट नेऊन द्यावी.

शेवटी क्लबच्या कारभाऱ्यांना आणि सरांना एक विनंती. प्रत्येकाने आपापला लटपटता स्टँड घेण्यापेक्षा क्लबच्या फंडातून एकच चांगला घ्या आणि लायब्ररीच्या पुस्तकासारखा नोंद करून द्या. तोवर सिव्हिलच्या सर्व्हे लॅबमधला थिओडोलाइटचा स्टँड आहेच. त्याचा स्क्रू पाच-अष्टमांश इंचाचा, कॅमेऱ्याचा पाव किंवा तीन-अष्टमांश. मधला ॲडॉप्टर आपल्या वर्कशॉपच्या लेथवर एका दुपारी निघेल. तो स्टँड हलका नाही, लोकलमध्ये नेण्यासारखा तर मुळीच नाही. पण न हलणारा स्टँड म्हणजे काय, हे एकदा त्यावर कॅमेरा लावून प्रत्येकाने पाहावं. मग बाजारात गेल्यावर कुणी फसवणार नाही.

पॅसेज आपल्यासाठी थांबणार नाहीत. पुढच्या सेमच्या आधी स्टँडचं तेवढं बघाच!