फरशीवर ॲसिड ओतू नका

तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी हे सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे गाव. कोजागरीला सोलापूरकडून आईच्या दर्शनाला पायी निघालेले भाविक याच रस्त्याने जातात, त्यातले पुष्कळजण अनवाणी. त्या सुमारास पावसाळा सरत असतो आणि गावोगावी घरापुढचा कोबा, देवळाची फरशी, ग्रामपंचायतीने बसवलेले पेव्हर ब्लॉक हिरवे पडलेले असतात. म्हातारं माणूस घसरून खुब्याचं हाड मोडलं, की ऐन सुगीत घर अडचणीत येतं. म्हणून शेवाळ काढायलाच हवे. प्रश्न आहे तो काढण्याच्या रीतीचा.

आपल्याकडे सरळ संडास साफ करायचे ॲसिड आणून ओततात. फेस येतो, बघणाऱ्याला वाटते घाण निघाली. निघतो तो सिमेंटमधला चुना! शहाबादी फरशी तर चुनखडीचाच दगड, तिचीही तीच गत. वरचा गुळगुळीत थर गेला, की खडबडीत जागी पाणी धरून राहते आणि पुढच्या वर्षी शेवाळ आणखी घट्ट बसते. लोखंडी फावड्याने खरवडणेही तसेच. ट्रॅक्टर धुवायच्या पंपाचा फवारा मारला, तर ब्लॉकच्या सांध्यातली बारीक कच उडते आणि ब्लॉक हलू लागतात.

सगळ्यात वाईट म्हणजे ॲसिडवर टीसीएल पावडर टाकणे. या दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतेल. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला हे भाऊसाहेबांनी बजावून सांगावे. (२०२४ मध्ये ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, पण गावाला ते भाऊसाहेबच!)

मग करावे काय? शेवाळाला खरी मुळे नसतात, ते वरवर धरलेले असते. पाणी मारून भिजू द्यावे, नायलॉनच्या ब्रशने किंवा खराट्याने घासावे. सांध्यातले लाकडी पट्टीने उकरावे. डाग राहिलाच, तर बादलीभर पाण्यात दोन मुठी टीसीएल कालवून वरची निवळी तेवढ्या जागेवर पसरावी आणि पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावे. हे पाणी आडात, झाडाच्या आळ्यात किंवा जनावरांच्या हौदात जाऊ देऊ नये. वाळल्यावर सांध्यांत पुन्हा कच भरावी.

पण पावसाळा संपून दोन महिने झाले आणि तरी फरशी हिरवीच, तर दोष पावसाचा नाही. कुठेतरी नळाची तोटी गळते, टाकी भरून वाहते किंवा ठेकेदाराने उतार उलटा दिला आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या जिल्ह्यात मार्गशीर्षात शेवाळ दिसावे, ही शरमेची गोष्ट आहे. ब्लॉक बसवण्याच्या बिलावर सही करण्याआधी सरपंचांनी एक घागर पाणी ओतून बघावे. ते गटारीकडे गेले नाही, तर बिल थांबवावे.