छंद साऱ्यांचा, मंडळ कुणाचं?

हळदीकुंकू करायचं ठरलं की आपण आधी काय बघतो? किती जणी येणार, कुणाला कोणती वेळ सोयीची, बरोबर लहान मुलं असणार का, कुणाचा उपास आहे का. वाण काय लुटायचं हे त्यानंतर. इतकी वर्षं हे सारं न चुकता करणारी मी. पण गेल्या वर्षी एक मंडळ काढलं तेव्हा नेमकी हीच गोष्ट विसरले. त्याचीच ही हकिगत. तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं काही काढायचं असेल, तर मला लागलेली ठेच तुम्हांला वाचवता येईल.

मंडळ होतं संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या छंदाचं. "अगं बाई, हा कसला छंद!" असं म्हणू नका. मीही साधी बी.ए., तीसुद्धा मराठी घेऊन झालेली. शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलीला संगणकाचा धडा समजावून देता देता मीच त्यात अडकले. स्वेटरचा नमुना कसा लिहितात आठवा: दोन सुलट, दोन उलट, ओळ संपेपर्यंत, अशा आठ ओळी झाल्या की दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी. प्रोग्रॅम म्हणजे हेच. एकामागून एक सूचना, कुठे थांबायचं ते, आणि अमुक झालं तर तमुक करायचं. फरक इतकाच, की आपल्या सुया समजून घेतात, संगणक घेत नाही. लिहिलं तेवढंच करतो.

तर मला वाटलं, आपल्याला जी गंमत वाटली ती साऱ्यांना वाटावी. कॉलनीतली एक खोली मिळवली. "प्रोग्रॅमिंगचा छंद मंडळ. सर्वांसाठी खुले. दर रविवारी सकाळी अकरा वाजता," अशी चिठ्ठी फळ्यावर लावली आणि तीच मोबाइलवरूनही पाठवली. "सर्वांसाठी" हा शब्द लिहिताना मला फार उदार वाटलं होतं!

पहिल्या रविवारी एकोणीस माणसं आली. इंजिनिअरिंगची पाच मुलं, बँकेतून निवृत्त झालेले दोघे, आठ शाळकरी पोरं आणि चार बायका. मुलांचा वाद सुरू झाला, कोणती भाषा चांगली म्हणून. पोरांना खेळ तयार करायचे होते. निवृत्त मंडळींना व्याजाचा तक्ता हवा होता. बायका मागच्या सतरंजीवर बसल्या होत्या.

त्या चौघींत कोपऱ्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताई होत्या. त्यांनी नवी वही आणली होती, तिच्यावर वर्तमानपत्राचं कव्हरही घातलं होतं. त्यांनी मला तीनदा काहीतरी विचारलं आणि तिन्ही वेळा मी म्हटलं, "थांबा हं ताई, आधी ह्यांचं होऊ दे." तिसऱ्या रविवारी खोलीत एकही बाई नव्हती.

पुढे मंडईत ताई भेटल्या. मी म्हटलं, "काय हो, येणं बंद केलंत?" त्या मेथीची जुडी निवडत म्हणाल्या, "बाई, तुमचं ते शिकलेल्यांचं आहे हो. शिवाय रविवारी अकरा वाजता आम्ही यायचं कसं? घरात सगळ्यांची जेवणं असतात."

ते ऐकून मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. अकरा वाजता माझ्याच घरी कुकर कोण लावत होतं? सासूबाई! म्हणून मला अकराची वेळ सुचली होती. ज्यांच्या घरी असं कुणी नाही त्यांचा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, बायकांना त्याची आवड नसेल." आवड नसती तर त्या वहीला कव्हर कशाला घातलं असतं? आणि बायकांचं म्हणाल, तर 1946 साली अमेरिकेत एनिॲक नावाचा अवाढव्य संगणक लोकांपुढे आला, तेव्हा त्याच्यासाठी प्रोग्रॅम रचण्याचं काम सहा स्त्रियांनी केलं होतं. आवडीची खोट नव्हती. माझ्या आखणीची होती.

चिठ्ठी कशी लिहावी

मग मी जुन्या मंडळांची माहिती वाचली. 1975 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये संगणकाच्या हौशी मंडळींची पहिली बैठक भरली. तेच पुढे होमब्रू कॉम्प्युटर क्लब म्हणून नावाजलं. ॲपलचे स्टीव्ह वॉझ्निअॅक तिथलेच. ॲपलचा पहिला संगणक त्यांनी आधी याच मंडळीत दाखवला. त्या बैठकीच्या बोलावण्यात "सर्वांसाठी" असं मोघम काही नव्हतं. तुम्ही स्वतःच्या हातानं संगणक किंवा त्याची जोडयंत्रं बनवत असाल तर या, अशा अर्थाचं ते होतं. वाचणाऱ्याला लगेच कळावं, की हे माझ्यासाठी आहे किंवा नाही. तसंच 2011 साली लॉस एंजेलिसमध्ये पायथॉन ही भाषा वापरणाऱ्या स्त्रियांनी "पायलेडीज" नावाचं मंडळ सुरू केलं. कुणासाठी, हे नावातच आलं.

तेव्हा मी पाठकोऱ्या कागदावर पहिला प्रश्न लिहिला: हे कुणासाठी? उत्तरात "स्त्रियांसाठी" असंही लिहिलं नाही. शिवणकामाच्या ताईच डोळ्यांपुढे आणल्या. शिक्षण दहावी. घरी मुलाचा जुना लॅपटॉप, तोही संध्याकाळी मोकळा नसतो. इंग्रजी अक्षरं येतात, वाक्यं अडतात. मोकळा वेळ दुपारी अडीच ते चार. एक जरी बाई अशी नीट डोळ्यांपुढे आली, तरी बाकीचे प्रश्न पटापट सुटतात.

*वेळ.* मंगळवारी दुपारी अडीच. चारला मुलं शाळेतून येतात, म्हणून पावणेचारला उठायचंच.

*भाषा.* पायथॉन. ही भाषा 1991 पासून लोकांपुढे आहे आणि फुकट मिळते. हिच्यात "प्रिंट", "इफ", "फॉर" असे थोडेच इंग्रजी शब्द सुरुवातीला लागतात. ते दहा-बारा शब्द मी पुठ्ठ्यावर मोठे लिहून भिंतीला लावले. 2008 साली आलेल्या पायथॉन तीनपासून आपण ठेवलेली नावं देवनागरीतही चालतात. म्हणजे दुधाच्या दराला "दर" आणि खाड्यांना "खाडे" असंच म्हणायचं! कुणी आकडा देवनागरीत टंकला, तरी पायथॉनला तो आकडा म्हणून वाचता येतो. बेरजा मांडताना मात्र इंग्रजी आकडे वापरावे लागतात.

*पहिलं काम.* इथेच पुष्कळ मंडळं चुकतात. शिकवणारा स्वतःला आवडतं ते आधी दाखवतो. आम्ही दुधाचा हिशेब घेतला. तीस दिवस, रोज एक लिटर, चार खाडे, दर साठ रुपये: 26 गुणिले 60, म्हणजे 1560. तीन दिवस अर्धा लिटर जास्त घेतलं, त्याचे 90. एकूण 1650. हे तोंडीही येतं, म्हणूनच निवडलं. उत्तर आधी ठाऊक असलं, की यंत्र चुकलं का आपण चुकलो ते ओळखता येतं.

*शीव.* चिठ्ठीत हेही स्पष्ट लिहिलं: "हा छंद आहे. इथे प्रमाणपत्र मिळणार नाही, नोकरीची तयारी होणार नाही." दोघींनी नोकरीसाठी विचारलं, त्यांना रीतसर वर्ग शोधायला सांगितलं. वाईट वाटलं, पण खोटी आशा लावण्यापेक्षा ते बरं. इंजिनिअरिंगच्या मुलांना मी घालवलं नाही. त्यांचा रविवार त्यांनाच दिला, आणि मंगळवारी पाळीपाळीनं एकानं मदतीला यावं असं ठरवलं. अट एकच: दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. तोंडानं सांगा, कागदावर लिहा, पण टंकायचं तिनं. मुलाच्या हातून झटक्यात काम होतं खरं, पण मग बाईच्या हाती काही उरत नाही.

मंडळाची वही

चिठ्ठी घेऊन मी ताईंकडे स्वतः गेले आणि "त्या दिवशी माझं चुकलं," असं सरळ म्हटलं. त्या हसल्या नाहीत, की रागावल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, "बघते." मंगळवारी आल्या. तीच वही होती.

ताईंना तीनदा विचारायचं होतं ते हे: नवरात्राआधी ब्लाउजांचा ढीग पडतो, गिऱ्हाइकाला तारीख कोणती द्यायची? चुकीची तारीख दिली की दारात भांडण. आम्ही प्रोग्रॅम लिहिला. हातात किती ब्लाउज आहेत, दिवसाला किती होतात. भागाकार केला की दिवस मिळतात. ताईंनी 47 आणि 6 घातले. उत्तर आलं 7. मी खूश! ताई मात्र बघतच राहिल्या. "बाई, सात दिवसांत बेचाळीसच होतात. उरलेले पाच कोण शिवणार?"

चूक माझी होती. मी वापरलेलं भागाकाराचं चिन्ह नुसता पूर्ण भाग देतं आणि बाकी टाकून देतं. बाकी उरली तर एक दिवस वाढवायचा, एवढी एक ओळ घातली आणि उत्तर 8 आलं. मदतीला आलेल्या मुलाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. ब्लाउज शिवणारीच्याच आलं! ज्याचं काम त्यालाच त्यातली खोच कळते. म्हणून मंडळ ज्यांच्यासाठी आहे, त्यांना आखणीतच घ्यावं.

हा प्रोग्रॅम आम्ही मंडळाच्या जाड वहीत उतरवून ठेवला. प्रत्येक पानावर चारच गोष्टी: हा कुणाच्या उपयोगाचा, काय करतो, आधी काय यायला हवं, आणि आम्ही कुठे चुकलो. पाककृतीच्या वहीत आपण "मीठ बेतानं, मागच्या खेपेला खारट झालं" असं लिहितो ना, तसं. नवी बाई आली की तिच्या हातात आधी वही द्यायची. चुकांचा रकाना वाचून तिची भीड चेपते. गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर मात्र वहीत लिहायचे नाहीत, हा नेम.

सगळंच काही यशस्वी झालं असं नाही हं. भिशीची चिठ्ठी संगणकानं काढावी म्हणून आम्ही हौसेनं प्रोग्रॅम केला. पण वाटीतली चिठ्ठी लहान मुलानं उचललेली डोळ्यांना दिसते, संगणकाची दिसत नाही! बायकांनी वाटीच कायम ठेवली, आणि मला ते पटलं.

रांगोळीनं मात्र सगळ्यांना वेड लावलं. मुलांसाठी 1967 साली अमेरिकेत लोगो नावाची भाषा झाली. पुढे तिच्यातलं कासव गाजलं. तसलं कासव पायथॉनमध्ये आयतं मिळतं. "शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश वळ," असं चारदा सांगितलं की चौकोन. पाचदा 72 अंश वळवलं तर पंचकोन निघतो. आणि 144 अंश वळवलं तर तेच कासव पाच टोकांची चांदणी काढतं! हे आधी एका आजींना उमगलं. त्या साठ वर्षं ठिपक्यांची रांगोळी काढत आल्या आहेत.

तेव्हा, मैत्रिणींनो, मंडळ कशाचंही काढा, भरतकामाचं, वाचनाचं नाहीतर प्रोग्रॅमचं. चिठ्ठी लिहिण्याआधी हे पाच प्रश्न पाठकोऱ्या कागदावर लिहा:

1. जिच्यासाठी काढतेय ती एक बाई कोण?
2. तिला वेळ केव्हा असतो? (आपल्याला केव्हा असतो, ते नव्हे.)
3. पहिल्याच दिवशी ती घरी काय घेऊन जाईल?
4. इथे काय मिळणार नाही?
5. ती यायची थांबली, तर तिला विचारायला कोण जाईल?

पाचव्याचं उत्तर "मी" असेल, तरच चिठ्ठी लावा.

आज मंगळवारी आम्ही नऊ जणी असतो. एकोणिसांपेक्षा कमीच. पण यंदा नवरात्राआधी ताईंच्या दारात एकही भांडण झालं नाही, आणि त्यांच्या त्या वहीला परवाच दुसरं कव्हर घालावं लागलं.