विश्लेषण : गोल्फच्या ‘आयर्न’वरचा आकडा नेमके काय सांगतो?

‘सात नंबरने दीडशे यार्ड जातो’ हे वाक्य गोल्फच्या दुकानात आणि सराव मैदानावर सतत कानावर पडते. दुकानातल्या जाळीत नव्या आयर्नने दोन-चार फटके मारले, पडद्यावर जुन्या क्लबपेक्षा १०-१५ यार्ड जास्त दिसले, की ग्राहकाचा निर्णय झालेला असतो. नव्या संचाची किंमत लाखाच्या घरात जात असतानाही एक साधा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. हे वाढलेले अंतर क्लबच्या गुणाचे आहे, की त्याचा कोन बदलल्याचे? आयर्नवर कोरलेला आकडा हे माप नाही, ते केवळ नाव आहे. खरी मापे अंशांत, इंचांत आणि ग्रॅममध्ये असतात. पैसे मोजण्यापूर्वी ती मागून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

आकडे आले कुठून?

गोल्फमध्ये ‘क्लब’ म्हणजे चेंडू मारण्याची काठी. बोलीभाषेत आपण तिला स्टिक म्हणतो. त्यातल्या धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबना आयर्न म्हणतात. लाकडी दांड्यांच्या काळात त्यांना आकडे नव्हते, क्लीक, मॅशी, निब्लिक अशी नावे होती. पोलादी दांडे आले आणि एकसारखे संच कारखान्यात बनू लागले, तशी नावांची जागा आकड्यांनी घेतली. सेंट अँड्र्यूजच्या ‘आर अँड ए’ने पोलादी दांड्यांना १९२९ मध्ये मान्यता दिली. पुढे पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवण्याची मर्यादा अमेरिकेच्या ‘यूएसजीए’ने १९३८ मध्ये आणि ‘आर अँड ए’ने १९३९ मध्ये घातली. आजही या दोन संस्थाच खेळाचे व साहित्याचे नियम ठरवतात. पण सात नंबरच्या आयर्नचा कोन किती असावा, याबद्दल त्यांचा कोणताही नियम नाही. तो कंपनीच्या मर्जीवर आहे.

एकाच आकड्याचे कोन वेगळे कसे?

दांडा उभा धरला असता क्लबचा चेंडूला भिडणारा पृष्ठभाग, म्हणजे फेस, मागे जितका कललेला असतो तो कोन म्हणजे लॉफ्ट. लॉफ्ट जास्त तर चेंडू उंच जातो आणि कमी अंतरावर पडतो. लॉफ्ट कमी तर तो खालून आणि लांब जातो. चार दशकांपूर्वी सात नंबरचा लॉफ्ट साधारण ३५-३६ अंश असे. आता उदाहरणे पाहा. टायटलिस्टच्या टी-१०० या निष्णात खेळाडूंसाठीच्या संचात सात नंबर ३४ अंशांचा आहे. पिंगच्या जी-४३० या हौशी खेळाडूंत लोकप्रिय असलेल्या संचात तोच सात नंबर २९ अंशांचा आहे. टी-१०० मधला सहा नंबर ३० अंशांचा. म्हणजे एका संचातला ‘सात’ हा दुसऱ्या संचातल्या ‘सहा’पेक्षाही कमी लॉफ्टचा आहे. दुकानात हे दोन ‘सात नंबर’ शेजारी ठेवून तुलना केली, तर ती तुलनाच मुळात चुकीची ठरते. तीन ते चार अंशांचा फरक म्हणजे साधारण एका क्लबचा फरक, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवला तरी पडद्यावरच्या आकड्यांनी भुलण्याचे कारण उरत नाही.

मग ही निव्वळ धूळफेक आहे का?

तसे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्या आयर्नचा फेस पातळ असतो आणि वजन खाली व कडांकडे नेलेले असते. त्यामुळे तोच लॉफ्ट ठेवला तर चेंडू गरजेपेक्षा जास्त उंच चढतो. तो योग्य उंचीवर आणायचा तर लॉफ्ट कमी करावा लागतो, हा अभियंत्यांचा युक्तिवाद खरा आहे. वेगाने क्लब फिरवणाऱ्याला त्याचा लाभही होतो.

अडचण येते ती संथ लयीच्या खेळाडूला, म्हणजे साठीच्या आसपास खेळ सुरू करणाऱ्याला किंवा नवशिक्याला. त्याचा चेंडू लांब जातो, पण सपाट कोनात आणि कमी फिरकीने उतरतो. ग्रीनवर पडून थांबण्याऐवजी तो घरंगळत पलीकडे जातो. आयर्नचे काम चेंडू सर्वांत लांब नेण्याचे नाही, ठरलेल्या अंतरावर नेऊन थांबवण्याचे आहे. म्हणून चाचणीच्या वेळी पडद्यावरचे केवळ एकूण अंतर पाहू नये. चेंडू हवेतून किती गेला, किती उंच गेला आणि किती अंशांत उतरला, हेही पाहावे. दहा फटक्यांतला सर्वांत लांबचा फटका विसरून जावा. सर्वांत लांबचा आणि सर्वांत आखूड यांच्यात किती अंतर पडले, ते मोजावे.

पिचिंग वेजनंतरची पोकळी

कमी झालेल्या लॉफ्टचे खरे बिल इथे येते. टी-१०० मध्ये पिचिंग वेज ४६ अंशांचा आहे, तर जी-४३० मध्ये ४१ अंशांचा. वाळूतून चेंडू काढण्याचा सँड वेज मात्र आजही साधारण ५४ ते ५६ अंशांचाच असतो. म्हणजे ४१ आणि ५६ यांच्यात १५ अंशांची पोकळी राहते. शेवटच्या शंभर यार्डांत हौशी खेळाडूच्या हाती योग्य क्लब नसतो. ही पोकळी भरायला आणखी दोन वेज घ्यावे लागतात आणि ते वेगळ्या किमतीला. पूर्वी संच तीन नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत आठ क्लबांचा असे. आज तो बहुतेकदा पाच नंबरपासून, सहा क्लबांचा मिळतो. संचाची किंमत विचारताना ‘यात किती क्लब आहेत आणि शेवटचा किती अंशांचा’ हे विचारले नाही, तर हिशेब अपुराच राहतो.

लाय अँगल का तपासावा?

क्लब जमिनीवर टेकवला असता दांडा जमिनीशी जो कोन करतो, तो लाय अँगल. सात नंबरमध्ये तो साधारण ६२ अंशांच्या आसपास असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब गरजेपेक्षा जास्त उभा असेल, तर फटका डावीकडे जातो. जास्त आडवा असेल, तर उजवीकडे. खेळाडू बिचारा आपली पकड आणि खांदे बदलत बसतो, प्रशिक्षकाची फी भरत राहतो आणि दोष मात्र क्लबमध्ये असतो.

तपासण्याची पद्धत घरगुती आहे. चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ ओढावी, ती रेघ फेसकडे येईल असा चेंडू ठेवावा आणि मारावा. फेसवर उमटलेली रेघ सरळ उभी असेल, तर कोन बरोबर आहे. ती तिरकी असेल, तर दुकानातल्या यंत्रावर क्लब अंशभर वाकवून घ्यावा. घडीव, म्हणजे फोर्ज्ड आयर्न मऊ पोलादाचे असल्याने सहज वाकते. ओतीव स्टेनलेस पोलादाचे आयर्न वाकवायला मर्यादा असतात.

दांड्यावरच्या अक्षरांचे काय?

दांड्यावर आर, एस, एक्स अशी अक्षरे असतात. ‘आर’ म्हणजे रेग्युलर, ‘एस’ म्हणजे स्टिफ, इतके सगळ्यांना ठाऊक असते. पण या अक्षरांचेही सर्व कंपन्यांना बांधील असे प्रमाण नाही. एका कंपनीचा ‘रेग्युलर’ दुसरीच्या ‘स्टिफ’इतका ताठ असू शकतो. त्यामुळे अक्षरापेक्षा वजन विचारणे शहाणपणाचे. पोलादी दांडा ९५ ग्रॅमच्या आसपासचाही मिळतो आणि १३० ग्रॅमचाही. ग्राफाइटचा त्याहून बराच हलका असतो. १८ होलांच्या शेवटी, एप्रिलच्या उन्हात, हा फरक मनगटाला आणि कोपराला कळतो.

डोक्याचा प्रकार निवडताना भिडस्तपणा नको. अमेरिकन अभियंता कार्स्टन सोलहाइम यांनी १९५९ मध्ये पिंग कंपनी काढली आणि वजन कडांकडे नेण्याची कल्पना रुजवली. त्यातूनच मागून पोकळ असलेले ‘कॅव्हिटी बॅक’ आयर्न लोकप्रिय झाले. फटका मध्यावर बसला नाही तरी त्यात चेंडू फारसा भरकटत नाही. पातळ ‘ब्लेड’ दिसायला देखणे असते, पण चूक पदरात घेत नाही. आपल्याकडचे हवामानही ध्यानात घ्यावे. पावसाळ्यात मऊ झालेल्या जमिनीत रुंद तळाचा क्लब रुतत नाही. मे महिन्यात कडक झालेल्या जमिनीवर मात्र तोच तळ आपटून उसळू शकतो. दोन्ही ऋतूंत खेळणाऱ्याने मध्यम रुंदीचा तळ घ्यावा.

कापलेले दांडे आणि ‘लेडीज सेट’

भारतीय गोल्फला केवळ श्रीमंतांच्या मुलांनी घडवलेले नाही. एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची देखभाल करीत. मैदानावर काम करणाऱ्यांच्या, कॅडींच्या मुलांच्या हाती पहिला क्लब येतो तो बहुधा कुणीतरी दिलेला. अशा वेळी मोठ्यांचा क्लब खालून कापून मुलाच्या हाती देणे हा रूढ उपाय. पण दांडा कापला की तो आणखी ताठ होतो आणि पोलादी डोक्याचे वजन तेवढेच राहते. मूल तो ओढून-ताणून फिरवायला शिकते आणि ती सवय पुढे अनेक वर्षे सुटत नाही. देणाऱ्याने हलक्या ग्राफाइट दांड्याचे, मुलाच्या उंचीचे दोन-तीनच क्लब दिले, तर ते कापलेल्या पूर्ण संचापेक्षा मोलाचे ठरतील.

‘लेडीज सेट’चेही तसेच. बाई म्हणून आखूड आणि मऊ दांड्याचा तयार संच पुढे करणे म्हणजे मोजमाप टाळणे. उंच, वेगाने क्लब फिरवणाऱ्या तरुणीला तो अडथळा ठरतो आणि बुटक्या, संथ लयीच्या पुरुषाला कदाचित तोच सोयीचा ठरला असता. स्त्री-पुरुष हे काही क्लबचे माप नव्हे. उंची, जमिनीपासून मनगटापर्यंतचे अंतर आणि क्लब फिरवण्याचा वेग ही मापे होत.

खरेदीपूर्वी काय करावे?

आधी लांबी आणि लाय, मग दांड्याचे वजन व ताठपणा, त्यानंतर डोक्याचा प्रकार आणि शेवटी लॉफ्टची साखळी, असा क्रम ठेवावा. प्रत्येक क्लबचा लॉफ्ट कागदावर उतरवून काढावा. छोट्या अंतराच्या क्लबांत चार-पाच अंशांपेक्षा मोठी फट दिसली, तर तिथे काय भरणार, हे तेव्हाच ठरवावे. वापरलेला संच घेण्यात कमीपणा नाही, उलट नवशिक्यासाठी तोच सुज्ञ व्यवहार. मात्र मऊ पोलादाचे कोन वापराने हलतात, आधीच्या मालकाने ते वाकवून घेतलेलेही असू शकतात. म्हणून यंत्रावर मोजूनच घ्यावेत.

कंपन्यांकडून अपेक्षा एकच. वेजवर त्या ५२, ५६, ६० असे अंश ठळक कोरतातच. तोच प्रामाणिकपणा आयर्नवर दाखवायला अडचण काय? ‘सात’च्या खाली बारीक अक्षरांत ‘२९ अंश’ कोरले, तर कुणाचा खेळ बिघडणार नाही. बिघडली तर फक्त जाहिरात बिघडेल. तोवर दुकानदाराने किमतीच्या चिठ्ठीवर लॉफ्ट, लांबी आणि दांड्याचे वजन लिहावे आणि ते लिहिलेले नसेल, तर ग्राहकाने लिहून मागावे. किराणा दुकानात आपण पिशवीवरचे वजन वाचल्याशिवाय तांदूळ घेत नाही. लाखभराच्या आयर्नला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.