तहाच्या मेजावरील रिकामी खुर्ची

जगांत बेबंदशाही माजली म्हणजे सुव्यवस्थेची आठवण सर्वांनाच होते. पण नुसत्या आठवणीनें सुव्यवस्था अवतरत नाहीं. राष्ट्रें थकलीं म्हणजे युद्ध थांबतें. थकव्यानें थांबलेली लढाई पुन्हां पेटूं नये, यासाठीं मात्र निराळ्याच गोष्टीची आवश्यकता असते. ती कोणती, याचा आज थोडा विचार करूं.

युरोपांत १६१८ सालीं पेटलेला वणवा तीस वर्षें शमला नाहीं. जर्मन प्रदेशांतील गांवेंच्या गांवें ओस पडलीं. अखेर २४ ऑक्टोबर १६४८ रोजीं वेस्टफालियाचा तह झाला. खरा धर्म कोणता, हा वाद त्या तहानें मिटविला नाहीं. कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांनीं शेजारीं नांदावें कसें, एवढेंच ठरविलें. मतैक्याचा हट्ट सुटला, तेव्हां शांतता शक्य झाली.

पुढें नेपोलियनच्या पाडावाच्या वेळीं, १८१४-१५ सालीं, व्हिएन्ना येथें परिषद भरली. जित फ्रान्सचा मुत्सद्दी तालेराँ तेथें इतरांच्या बरोबरीनें बसला, आणि १८१८ त फ्रान्सला बड्या राष्ट्रांच्या पंक्तींत रीतसर घेण्यांत आलें. त्यानंतर लढाया झाल्या, परंतु सर्व बड्या राष्ट्रांना एकदम ओढणारें युद्ध १९१४ पर्यंत झालें नाहीं. मात्र पोलंड-इटलीतील लोकांचें मत कोणीं विचारलें नाहीं. त्यांचे उठाव पुढें होतच राहिले.

व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. जर्मनीला वाटाघाटींत घेतलें नाहीं, अटी तेवढ्या पुढें केल्या. रशियाला बोलावणें नव्हतें. ज्या विल्सननें राष्ट्रसंघाची कल्पना उचलून धरली, त्याच्याच अमेरिकेनें संघाबाहेर राहणें पसंत केलें. जर्मनी १९२६ त संघांत आली, १९३३ त निघून गेली, आणि १९३९ त पुन्हां तोच अनर्थ ओढवला. वाटणीच्या वेळीं ज्या भावाला ओसरीवर बसविलें, तो वाटणीपत्राला मान देईल, ही अपेक्षाच चुकीची होती.

त्याच व्हर्सायच्या कागदावर हिंदुस्थानतर्फें बिकानेरचे महाराज गंगासिंग यांची सही आहे, आणि १९४५ च्या सॅनफ्रान्सिस्को परिषदेंत रामस्वामी मुदलियार हिंदी शिष्टमंडळाचे नेते होते. दोन्ही प्रसंगीं देश परतंत्र होता. खुर्ची आपली, शब्द दुसऱ्याचा. त्या परिषदेंत पन्नास राष्ट्रें होतीं. आज संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद १९३ आहेत. सुरक्षा समितीच्या कायम जागा मात्र त्याच पांच.

तरी निराश होण्याचें कारण नाहीं. १९६५ सालीं त्याच समितीच्या जागा अकराच्या पंधरा झाल्या. कायम जागा व नकाराधिकार यांना त्या वेळीं धक्का लागला नाहीं, हें खरें. पण ही दुरुस्ती रणांगणावर नव्हे, मतदानानें झाली. आजवर बहुतेक मोठ्या दुरुस्त्या लक्षावधि प्राणांच्या मोलानें विकत घेतलेल्या आहेत. घर कोसळण्याची वाट न पाहतां त्याचा वासा बदलणें, यांतच शहाणपण आहे. रिकाम्या खुर्चीचा योग्य धनी वेळीच ओळखणें, हीच आमच्या मतें शांततेची पहिली अट होय.